तिरका हात

६ सप्टेंबर, रविवार

वसतिगृहात येऊन आज आठवडा झाला. आठवड्यात मी एकूण चार माणसांशी बोलले. त्यातला एक फाटकावरचा पहारेकरी, आणि त्याच्याशीही नुसतं 'हो' एवढंच. घरी मला भागूबाई म्हणतात ते काही उगाच नाही.

निघताना दादाने त्याचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. म्हणाला, "माणसांशी बोलवत नसेल तर निदान त्यांच्याकडे बघायला शीक. हा डोळ्याला लावला की तू कुणाला दिसत नाहीस." हे साफ खोटं आहे. कॅमेरा डोळ्याला लावला की माणूस जास्तच दिसतो. आज आवारात सतरा फोटो काढले आणि सतराच्या सतरा बिनमाणसांचे. ग्रंथालयाच्या पायऱ्या, सायकलींची रांग, प्रयोगशाळेबाहेर वाळत टाकलेले पांढरे कोट आणि घड्याळाचा मनोरा. मनोरा मला आवडला. विटांचा, चौकोनी, आपल्या जागी गप्प उभा. त्याचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माझी खोली तिसऱ्या मजल्यावर, डावीकडची अगदी शेवटची. सोबतीण दुसऱ्या वर्षाची आहे. तिला सगळ्या लंबू म्हणतात आणि ती ओ देते. तिचे पाय खाटेबाहेर येतात. आमची पहिली ओळख पायांशीच झाली, कारण मी आले तेव्हा चेहऱ्यावर चादर होती.

इमारतीच्या डाव्या अंगाला मोकळी जागा आहे, तिथे मोठा खड्डा खणतायत. सकाळी आठला पिवळं यंत्र सुरू होतं ते संध्याकाळपर्यंत. लंबू म्हणाली, चौदा मजले होणार, आणि गाड्यांसाठी जमिनीखाली आणखी तीन. खिडकीतून वाकून बघितलं. तळ दिसला नाही. पुन्हा बघितलं नाही.

११ सप्टेंबर, शुक्रवार

फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं. दर शुक्रवारी चार वाजता. सर पन्नाशीचे, बारीक, खिशात कायम चष्मा पुसायचं फडकं. पहिल्याच दिवशी त्यांनी चाळीस दिवसांचं काम दिलं. एक जागा, एक वेळ, रोज एक फोटो.

"जागा हलवायची नाही," ते म्हणाले. "तुम्ही काही बदलायला जाऊ नका. काय बदलतं ते बघा."

मागच्या बाकावरच्या एकीने विचारलं, "सर, काहीच बदललं नाही तर?"

"तर तेही बघा."

मी माझ्या खिडकीतून मनोरा घ्यायचं ठरवलं. कुठे जायला नको, कुणाला विचारायला नको. खिडकीचा कट्टा दगडी आणि रुंद आहे. त्यावर कॅमेरा ठेवला आणि चारी कोपऱ्यांना पेन्सिलने खुणा केल्या. रोज सकाळी सात चाळीस.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

सरांनी सात दिवसांचे फोटो बघितले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितले. मला वाटलं आवडले.

"उजेड छान पकडलायस," ते म्हणाले. "पण हात तिरका आहे. मनोरा उजवीकडे कलतोय."

"सर, हात नाही... मी कॅमेरा कट्ट्यावर ठेवते."

"मग कट्टा तिरका. कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूखाली कागदाची घडी घाल."

सगळ्यांसमोर. खोलीवर येऊन जुन्या पोस्टकार्डाची एक घडी कॅमेऱ्याखाली सरकवली. मनोरा सरळ झाला. एवढी साधी गोष्ट, आणि मला सुचली नाही.

२० सप्टेंबर, रविवार

आज पहिल्यांदा एकटी शहरात गेले. पुलापर्यंत जाऊन परत यायचं ठरवलं होतं, पण पूल ओलांडला तरी पाय थांबले नाहीत. पलीकडे एका बोळात कुलपं-किल्ल्यांची दुकानं आहेत. तिथे एक म्हातारा किल्ली घासत होता. मी लांबूनच कॅमेरा उचलला तसा तो मान वर न करता म्हणाला, "लांबून काय काढतेस? चोरी करतेयस का?"

मी पळणारच होते. मग तो म्हणाला, "जवळ ये. हात घे माझे. चेहऱ्यात फोटो काढण्यासारखं काही उरलं नाही."

पाच फोटो काढले. हातांवर लोखंडाचा बारीक कीस होता, नखांपर्यंत चमकत होता. परत येताना बाजारातून, बस आगारातून, न्हाव्याच्या आरशातून, जे दिसेल ते टिपत आले. एका बाईने हटकलं, "माझा काढलास का?" मी हो म्हटलं. तिने केस सारखे केले आणि म्हणाली, "मग आता नीट काढ."

लंबूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भागूबाई, तू आज माझ्याशी सलग दहा मिनिटं बोललीस."

२३ सप्टेंबर, बुधवार

आमचं दार लागेना. सकाळी लंबू बाहेरून ढकलतेय, मी आतून ओढतेय. शेवटी सुतारकाका आले. कॉलेजचं लाकूडकाम बघणारे, साठीचे, कानावर पेन्सिल. रंधा मारता मारता म्हणाले, "या महिन्यातलं हे नववं दार. सगळी याच बाजूची."

लंबू म्हणाली, "लाकूड फुगलं असेल."

"महिनाभर पाऊस नाही, एवढ्या कोरड्या हवेत?" काकांनी दाराकडे बघितलंच नाही. ते चौकटीकडे बघत होते. मग हत्यारं गोळा करून गेले. त्यांचा चौकटीवर टेकवलेला हात मी फोटोत घेतला. बरा आलाय.

कागदाची घडी आता दुहेरी करावी लागते. पोस्टकार्ड दबलं असणार.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

"पुन्हा तिरका," सर म्हणाले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं. "घडी घातली होतीस?"

"दोन घातल्या, सर."

"मग ठेवताना तू हलवतेस. काही जणांचा हातच तसा असतो. सवय कर."

किल्लीवाल्याच्या हातांचं मात्र कौतुक केलं, वर्गात फिरवला तो फोटो. पण माझ्या डोक्यात 'काही जणांचा हातच तसा असतो' एवढंच राहिलं. दादाला फोन करून सांगावंसं वाटलं की कॅमेरा परत घेऊन जा. केला नाही. गणिताच्या वहीत समास आखला, तोही मला तिरका वाटला.

२९ सप्टेंबर, मंगळवार

पोस्टकार्डाऐवजी आता खोक्याचा जाड पुठ्ठा घालते.

दुपारी खोलीत एकटी होते. भिंतीतून आवाज आला. बोटं मोडल्यासारखा, एक, मग जरा थांबून दोन. मी पुस्तक हातात धरून दहा मिनिटं तशीच बसले. लंबू आल्यावर सांगितलं तर म्हणाली उंदीर. न्हाणीघराबाहेरची एक फरशीही उठली आहे, तिच्यावर पाय पडला की ती डुगडुगते. तेही उंदीर का, असं विचारलं तर म्हणाली, "जाडे उंदीर."

रेक्टरबाईंनी आपली खाट खोलीतून काढून पुढच्या ओसरीत टाकली आहे. ओसरी म्हणजे नुसतं पत्र्याचं छप्पर, तिन्ही बाजूंनी उघडं. कारण विचारलं तर म्हणतात, आत उकडतं. पण सकाळी मी खाली गेले तेव्हा त्या दोन शाली गुंडाळून बसल्या होत्या. मुलींचं म्हणणं, उशिरा येणाऱ्यांवर नजर ठेवायला ही युक्ती आहे. असेल. बाईंची नजर तशी कडकच आहे. मी फाटकातून आत येते तेव्हा काही केलेलं नसतानाही चोरासारखी चालते.

४ ऑक्टोबर, रविवार

घाईत लिहितेय. अक्षर लागेल तसं लागो.

पुलाजवळच्या दुकानातून तेवीस दिवसांचे फोटो छापून आणले. शुक्रवारी वर्गात लावायचे होते. पुठ्ठा न घालता आधी एक आणि घालून मग एक, असे मी रोज दोन काढत होते, कुठला बरा येतो ते बघायला. पुठ्ठ्याविनाचे ओळीने खाटेवर मांडले. लंबूने ते गोळा केले आणि पत्त्यांसारखे अंगठ्याने फर्रकन उलटले.

"हे बघ," ती हसायला लागली. "तुझा मनोरा वाकून नमस्कार करतोय."

मी तिच्या हातातून घेतले आणि स्वतः उलटले. मनोरा कलत होता. एका झटक्यात नाही, रोज जरा जरा. पहिल्या दिवशी जवळजवळ सरळ, तेविसाव्या दिवशी दारू प्यायल्यासारखा. माझा हात तिरका असता तर एक दिवस डावीकडे गेला असता, एक दिवस उजवीकडे. हात असा रोज न चुकता एकाच बाजूला, थोडा थोडा वाढत जाईल कसा?

खाली पळत गेले. आवारातून मनोऱ्याकडे बघितलं. सरळ होता. ग्रंथालयाच्या कडेशी ताडून बघितला. सरळ.

मनोरा हलत नाहीये. कॅमेरा हलतोय. कॅमेरा कट्ट्यावर आहे. कट्टा भिंतीत आहे.

लंबूला सांगितलं. ती हसली, मग हसायची थांबली, मग म्हणाली, "गप्प बस, मला रात्री झोपायचंय इथे."

५ ऑक्टोबर, सोमवार

सुतारकाकांना शोधून काढलं. भोजनगृहामागे बाकाचे पाय बसवत होते. फोटो पुढे धरले. त्यांनी हात पँटला पुसले आणि एकेक बघितला. पिशवीतून ओळंबा काढला. दोरीला टांगलेलं पितळी वजन, एवढंच असतं ते. आम्ही जिन्याने वर गेलो. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून त्यांनी दोरी खाली सोडली आणि वजन डोलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघं वाट बघत उभे.

वर दोरी भिंतीला चिकटलेली. खाली भिंत आणि दोरी यांत माझी अख्खी वीत मावली.

"पोरी," काका म्हणाले, "तुझा हात सरळ आहे."

इतके दिवस मला हेच वाक्य कुणाकडून तरी ऐकायचं होतं. आज ऐकलं, आणि मी कठड्यावरचा हात काढून घेतला.

त्यांना हे आधीच माहीत होतं. गेल्या महिन्यात कचेरीत सांगून आले होते. तिथला कारकून म्हणाला, तुम्ही सुतार आहात, सुतारकी करा. "रोजंदारीवरचा माणूस मी," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा गेलो असतो तर तिसऱ्यांदा यायला कामच उरलं नसतं. पण तू शिकलेली आहेस. तुझ्याकडे कागद आहे. तू सांग."

मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं.

६ ऑक्टोबर, मंगळवार

रेक्टरबाईंकडे गेले. दारासमोरून तीनदा परत फिरले, चौथ्यांदा त्यांनीच हाक मारली. फोटो टेबलावर ठेवले, वीतभर अंतराचं सांगितलं. वाक्य धड येत नव्हतं.

बाईंनी फोटो उलटून पालथे केले. बघितले नाहीत. खणातून एक कागद काढून दाखवला. इंजिनिअरची सही, शिक्का, इमारत राहण्यास योग्य. जूनची तारीख.

"हे वाचता येतं ना तुला?"

"हो."

"मग? तू इंजिनिअर आहेस?"

"नाही."

"अठ्ठावन्न मुली आहेत इथे. त्यांचे आईबाप माझ्या भरवशावर झोपतात. तू भीती पसरवलीस आणि चेंगराचेंगरी झाली, तर जबाबदार कोण? पुन्हा हा विषय कुणाजवळ काढलास तर सामानासकट घरी पाठवीन."

त्यांचा चहा बशीत सांडला होता. कप ठेवताना खडखडला. फारच संतापल्या होत्या.

घरी पाठवलं तर आई म्हणेल, मला वाटलंच होतं. बाबा काहीच म्हणणार नाहीत, ते त्याहून वाईट. काकांना सांगितलं की बाईंनी ऐकलं नाही. "आता?" काकांनी विचारलं. मी म्हटलं, बघते. खरं म्हणजे मी काही बघणार नव्हते. इंजिनिअरचा शिक्का होता. शिक्का खोटा कसा असेल, असं मी दिवसभर स्वतःला सांगत राहिले.

९ ऑक्टोबर, शुक्रवार

हे कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

वर्गात फोटो लावायचे होते. तिरके लावले असते तर सगळ्यांनी का विचारलं असतं. का ते सांगावं लागलं असतं आणि ते बाईंच्या कानावर गेलं असतं. म्हणून आज सकाळीच दुकानात गेले. तिथल्या माणसाने संगणकावर एकेक फोटो फिरवला, मनोरा सरळ केला आणि उरलेल्या कडा कापून टाकल्या. अठ्ठावीस फोटो, अठ्ठावीस सरळ मनोरे.

सरांनी फळ्यावर ओळीने लावले. मागे सरकून बघितले, पुढे येऊन बघितले.

"आता बसला हात," ते म्हणाले. "सगळ्यांनी बघा. मेहनत अशी दिसते."

टाळ्या वाजल्या. मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खरंच झाला, जिना चढेपर्यंत टिकला. दुसऱ्या मजल्यावर भिंतीत एक भेग आहे, तिच्यात कुणीतरी गंमत म्हणून कागदाची पावती खोचली होती. आज ती पावती खाली पडली होती. भेग तिच्याहून रुंद झाली होती.

लंबूला ताप आलाय. गोळी देऊन झोपवलं. मी खाट खिडकीपासून दाराकडे सरकवली. एवढंच केलं.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

क्रीडागृहात आहोत. जमिनीवर गाद्या, सगळ्या एकत्र. परवाचं आज लिहिते, कारण काल पेन धरवत नव्हतं.

रविवार होता. खड्ड्यातलं यंत्र बंद, त्यामुळे सगळीकडे शांत. इतकं शांत की भिंतीतला आवाज जिन्यातही ऐकू यायला लागला. दुपारी तीनच्या सुमाराला मी पाणी भरायला खाली गेले, तर सुतारकाका सुट्टीच्या दिवशी जिन्यात उभे, ओळंबा सोडून. रोज येत होते म्हणे. कुणाला न सांगता.

"सकाळपासून बोटभर सरकलंय," ते म्हणाले. "आठवडाभरात झालं नाही तेवढं एका दिवसात. आता कुणाला विचारत बसायचं नाही. पोरी बाहेर काढ."

"मी?"

"मी ओरडलो तर म्हणतील सुतार प्यायलाय. तू घंटा वाजव."

"कुठली?"

"जेवणाची. आग लागली म्हणालीस तर अर्ध्या चपला शोधत बसतील. जेवणाला सगळ्या येतात."

भोजनगृहाच्या दाराशी घंटेचं बटण आहे. मी त्यावर अंगठा ठेवला आणि दाबवेना. मनात आलं, काही झालंच नाही तर? मग आलं, झालं तर? दोन्हींची भीती सारखीच होती. खरं सांगते, धाडस वगैरे काही नव्हतं. काकांनी माझ्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. नंतर त्यांनी काढून घेतला, पण मी माझा काढला नाही.

मुली आल्या. ओले केस घेऊन, हातात पुस्तक घेऊन, "एवढ्यात कसलं जेवण?" म्हणत. मी ओरडत होते, "बाहेर, मैदानात," पण कुणाला ऐकू जात नव्हतं. तेवढ्यात रेक्टरबाई आल्या.

"कुणी वाजवली?"

"मी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग काकांच्या हातातल्या ओळंब्याकडे. मला वाटलं आता खाल्लं मला. पण त्यांनी का म्हणून विचारलंच नाही. वळल्या आणि जिन्याखाली उभं राहून अशा आवाजात ओरडल्या की मी तसा आवाज कधी ऐकला नव्हता. "सगळ्या मैदानात. आहात तशा. चपला राहू द्या."

पाच मिनिटांत मैदान भरलं. बाईंनी नोंदवही आणली. अठ्ठावन्नपैकी बारा बाहेर गेलेल्या, म्हणजे सेहेचाळीस हव्यात. मोजल्या. पंचेचाळीस. पुन्हा मोजल्या. पंचेचाळीस.

लंबू.

मी तिच्या खोलीत राहते. मीच तिला गोळी देऊन झोपवलं होतं. आणि सगळं आवार गोळा करून झालं तरी मला ती आठवली नव्हती. मी इमारतीकडे धावले. काकांनी मागून दंड धरला. मी ओढलं, पण सगळं बळ लावून ओढलं का? ते मला माहीत नाही. ही शंका मी लिहून ठेवते.

बाई आत गेल्या. नोंदवही माझ्या हातात कोंबली आणि गेल्या. पंचावन्न वर्षांच्या, गुडघे दुखणाऱ्या बाई तिसऱ्या मजल्यापर्यंत. आम्ही खालून खिडक्या बघत होतो. वर दारावर धडका ऐकू आल्या. आमचं दार, पुन्हा अडकलेलं.

किती वेळ गेला माहीत नाही. लंबू चादर गुंडाळून ओसरीत आली, डोळे अर्धे मिटलेले, आणि बाई तिच्यामागे, तिच्या पाठीवर हात देऊन ढकलत. लंबू मैदानात उतरली. बाई शेवटच्या दोन पायऱ्यांवर होत्या.

इमारत पडली म्हणजे धाडकन पडली असं नाही. आधी डावी बाजू बसली, उंट बसतो तशी, पुढचं आधी आणि मागचं नंतर. मग आवाज आला. मग काहीच दिसेना. तोंडात, नाकात चुना. कुणीतरी माझा हात घट्ट धरला होता, ती लंबू होती, तिचा हात तापाने चटका देत होता.

काका धुळीत शिरले. मग पहारेकरी, मग स्वयंपाकघरातल्या बायका, आणि मग मीसुद्धा. ओसरीचा पत्रा उचलला तेव्हा बाई शुद्धीवर होत्या. त्यांनी पहिलं विचारलं, "किती?"

"सेहेचाळीस," मी म्हटलं.

त्यांनी डोळे मिटले. उजवा पाय गुडघ्यापासून तुळईखाली अडकला होता.

१८ ऑक्टोबर, रविवार

आई आणि दादा येऊन गेले. आई म्हणत होती घरी चल. मी म्हटलं, चौकशी समिती बसली आहे, मला बोलावलंय, नंतर बघू. दादाने कॅमेऱ्याचं विचारलं. तो माझ्या गळ्यातच होता सगळा वेळ, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

संध्याकाळी इस्पितळात गेले. बाईंचा पाय काढावा लागला. चादर उजवीकडे सपाट होती, मी तिकडे न बघायचा इतका प्रयत्न केला की त्याच म्हणाल्या, "बघ, काही होत नाही."

मी लंबूचा निरोप सांगितला. त्या ऐकत नव्हत्या.

"ऑगस्टमध्ये मी भेगांबद्दल कचेरीला पहिलं पत्र लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "मग सप्टेंबरमध्ये दोन. तिसऱ्याचं उत्तर आलं, एकाच ओळीचं. पुन्हा पत्र आलं तर वसतिगृहाला नवी रेक्टर शोधावी लागेल. तीन वर्षं राहिली होती निवृत्तीला."

मी म्हटलं, "तुम्ही लंबूला वाचवलंत."

"मी माझी खाट बाहेर काढली," त्या म्हणाल्या. "तुमच्या आतच राहू दिल्या."

परिचारिका आली, औषध देऊन गेली. बाई छताकडे बघत होत्या.

"समितीपुढे जाणार आहेस ना? हे सांग त्यांना."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगेनच. पण मी घाबरट आहे, ऐनवेळी काय बोलेन सांगता येत नाही. तू सांगितलंस की मला मागे फिरता येणार नाही."

परत येताना पूल चालत पार केला. बाई घाबरट आहेत हे मला पटत नव्हतं. त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या होत्या. आणि तरी, खाट.

२६ ऑक्टोबर, सोमवार

ग्रंथालयाच्या मोठ्या दालनात समिती. लांब टेबल, पलीकडे तिघं, कडेला टिपून घेणारी एक बाई. मी न कापलेले फोटो मांडले, तारखांसकट. मधल्या गृहस्थांनी विचारलं, "हे तुमच्या लक्षात कधी आलं?"

"चार तारखेला."

"आणि घंटा अकराला वाजवलीत. मधल्या सात दिवसांत काय केलंत?"

समोरचा पाण्याचा पेला मी बाजूला सरकवला.

"रेक्टरबाईंना सांगितलं. त्या नाही म्हणाल्या. मग मी गप्प बसले." आणि मग, तिथे थांबता आलं असतं तरी, दुसरं पाकीट उघडून कापलेले अठ्ठावीस फोटो त्यांच्यापुढे ठेवले. "हे नऊ तारखेला वर्गात लावले होते. सरळ करून घेतले. माझ्याच सांगण्यावरून."

"का?"

"भीती वाटत होती. आणि शाबासकीही हवी होती."

टिपून घेणाऱ्या बाईने लिहिता लिहिता माझ्याकडे वर बघितलं. मग मी तीन पत्रांचं सांगितलं, आणि खाटेचंही. पुन्हा सांगायला लावलं, पुन्हा सांगितलं. सुतारकाका कचेरीत जाऊन आले होते तेही सांगितलं. कारकुनाचं नाव विचारलं, ते मला माहीत नव्हतं.

बाहेर येऊन बाकावर टेकले. बाकावर सर होते. त्यांना बोलावलं नव्हतं, यादी मी बघितली होती. हातात चष्म्याचं फडकं, चष्मा मात्र डोळ्यांवर.

"आतलं ऐकू येत होतं," ते म्हणाले. "दार नुसतं लोटलेलं होतं."

मी मान खाली घातली.

"तू एकटीने सरळ केले नाहीस ते फोटो," सर म्हणाले. "तिरकं दिसलं ते पहिल्यांदा मला. अठरा सप्टेंबरला. पुन्हा पंचवीसला. मी काय सांगितलं होतं? बघा म्हणालो होतो. आणि मुलीने बघून दाखवलं तर म्हटलं, हात सुधार."

"सर, तुम्हाला काय माहीत..."

"एकदा येऊन खिडकीचा कट्टा बघितला असता तर माहीत झालं असतं. वसतिगृह माझ्या वर्गापासून दोनशे पावलांवर आहे. काल मोजली."

ते उठले. फडकं घडी करून खिशात ठेवलं, सदरा खाली ओढला. दाराशी जाऊन थोडा वेळ नुसतेच उभे राहिले. मला ते उभं राहणं ओळखीचं होतं. मग त्यांनी दारावर टकटक केली.

आतून मधल्या गृहस्थांचा आवाज आला, "यादीत आणखी कुणी नाहीये. कोण आहे?"

सरांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं आणि आत गेले.